देशांच्या नावांचे ‘-करण’ कसे होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परराष्ट्र घडामोडींवरचा मजकूर मराठीत आणताना आणि तपासताना ‘-करण’ने संपणारे शब्द रोज समोर येतात. वाचकांकडून, विशेषतः स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांकडून, त्यांच्याविषयी तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे अनेक देशांची असली तरी फिनलंडपाशी मुद्दाम जास्त थांबलो आहे, कारण या जातीच्या दोन शब्दांशी त्या एकाच देशाचा संबंध आला: एक त्याने सोसला आणि दुसरा त्याच्या नावावर चढवला गेला.

‘रशियनीकरण’, ‘बाल्कनीकरण’ या शब्दांच्या मधला ‘ई’ कशासाठी असतो?

तो संस्कृत व्याकरणातून आला आहे. जे मुळात तसे नव्हते ते तसे झाले किंवा तसे केले गेले, हा अर्थ दाखवण्यासाठी पाणिनीने ‘च्वि’ नावाचा प्रत्यय सांगितला आहे, आणि व्याकरणकार त्या अर्थाला ‘अभूततद्भाव’ म्हणतात. प्रत्यय स्वतः लोप पावतो, पण जाताना शब्दाच्या शेवटच्या ‘अ’चा ‘ई’ करून जातो. शुक्ल नव्हते ते शुक्ल केले, म्हणून शुक्लीकरण. घन नव्हते ते घन झाले, म्हणून घनीभवन. आपण जुन्या साच्यात नवी नावे ओतली एवढेच. मात्र त्यामुळे एक गोष्ट आपोआप साधली गेली, आणि ती मला फार मोलाची वाटते: ‘रशियनीकरण’ हा शब्द उच्चारताच, ज्याचे रशियनीकरण झाले ते आधी रशियन नव्हते, ही कबुली व्याकरणच देऊन टाकते.

वाचताना या ‘ई’मुळे कधी कधी घोटाळा होतो. ‘बाल्कनीकरण’ हा शब्द ‘बाल्कन’वरून आला आहे, घराच्या बाल्कनीशी त्याचा संबंध नाही. तसेच समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या १९५२ च्या अभ्यासामुळे रूढ झालेला ‘संस्कृतीकरण’ हा शब्द ‘संस्कृत’पासून साधलेला आहे, अनेक विद्यार्थी तो ‘संस्कृती’पासून आला असे समजून सगळे उत्तर चुकीच्या पायावर उभे करतात.

या सगळ्या शब्दांत देशाचे नाव एकच काम करते का?

नाही, आणि बहुतेक गैरसमज येथेच होतात. ‘पोलंडचे रशियनीकरण’ म्हणताना रशिया हा साचा असतो: पोलिश माणसाला त्या साच्यात बसवायचे असते, आणि बसवणाराही तोच असतो. ‘युरोपचे फिनलंडीकरण’ म्हणताना फिनलंड कोणाला काही करत नसतो. फिनलंडवर जी वेळ आली ती इतरांवर येईल, एवढाच त्याचा अर्थ असतो. ‘युद्धाचे व्हिएतनामीकरण’ यात तर व्हिएतनाम साचाही नसतो आणि दाखलाही नसतो. कोणाच्या तरी हातातले काम व्हिएतनामी माणसांच्या हाती सोपवायचे असते. प्रत्यय एकच आहे, ‘ई’ तोच आहे, पण कर्ता, कर्म आणि उदाहरण यांच्या जागा दर वेळी बदलतात. म्हणून असा शब्द समोर आला की कोण करतो आहे, कोणावर करतो आहे आणि हे नाव कोणी दिले आहे, हे तिन्ही विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये असे मी आग्रहाने सांगतो.

रशियनीकरण प्रत्यक्षात कसे होत असे?

हुकूम, शाळा, भरती आणि छापखाना या मार्गांनी. फिनलंड १८०९ पासून रशियन साम्राज्यात होता, पण स्वतःचे कायदे आणि विधिमंडळ राखून होता. फेब्रुवारी १८९९ मध्ये झार दुसरा निकोलस याने एक जाहीरनामा काढला आणि साम्राज्याच्या हिताचे कायदे फिनिश विधिमंडळाच्या संमतीशिवाय फिनलंडला लागू करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. १९०० मध्ये वरिष्ठ प्रशासनात रशियन भाषा आणण्याचा हुकूम निघाला, आणि १९०१ मध्ये लष्करभरतीचा नवा कायदा आला. या सगळ्यामागे गव्हर्नर जनरल निकोलाय बोब्रिकोव्ह होता.

त्यावर फिनिश लोकांनी जे केले ते जवळून पाहण्यासारखे आहे. मार्च १८९९ मध्ये, थंडी अजून ओसरलेली नसताना, कार्यकर्ते स्कीवर आणि बर्फावरच्या घसरगाड्यांतून सह्यांचे कागद घेऊन दूरदूरच्या वाड्यावस्त्यांवर गेले, आणि दोन आठवड्यांच्या आत ५,२२,९३१ सह्या गोळा झाल्या. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांहून कमी होती. ते अर्ज घेऊन पाचशे जणांचे शिष्टमंडळ सेंट पीटर्सबर्गला गेले, आणि झारने त्यांना भेट नाकारली. पाच वर्षांनी, जून १९०४ मध्ये, बोब्रिकोव्हची हेलसिंकीत हत्या झाली.

लिथुआनियात हाच प्रयत्न लिपीच्या वाटेने झाला. १८६३ च्या उठावानंतर रशियन सरकारने लॅटिन लिपीत लिथुआनियन पुस्तके छापण्यावर बंदी घातली आणि ती १९०४ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, चालू राहिली. या काळात पुस्तके सीमेपलीकडच्या प्रशियात, टिल्झिटसारख्या गावी, छापली जात आणि माणसे ती पाठीवर लादून रात्री सीमा ओलांडत. पकडले गेल्यास सैबेरियाची वाट धरावी लागे, काही जण सीमेवरच गोळीला बळी पडले. प्रार्थनापुस्तक आणि मुळाक्षरांचे पुस्तक यांसाठी माणसांनी जीव धोक्यात घातला. लिथुआनियात आजही १६ मार्च हा दिवस या पुस्तकवाहकांच्या स्मरणार्थ पाळला जातो. ‘रशियनीकरण’ हा शब्द अभ्यासक्रमाच्या पुस्तकात एका ओळीत उरकला जातो तेव्हा त्यामागे ही रात्रीची पायपीट आहे हे वाचकाला कळत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

मग फिनलंडीकरण म्हणजे काय?

मोठ्या शेजाऱ्याला दुखवायचे नाही म्हणून लहान देशाने आपले स्वातंत्र्य कागदोपत्री शाबूत ठेवून परराष्ट्र धोरण, आणि हळूहळू देशांतर्गत बोलणे-लिहिणेही, त्या शेजाऱ्याच्या कलाने आखणे, असा त्याचा रूढ अर्थ आहे.

हा शब्द पश्चिम जर्मनीत रुजला. १९६० च्या दशकात रिचर्ड लोवेन्थाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो वापरला, आणि पुढे चॅन्सेलर विली ब्रांट यांनी पूर्व युरोपशी संबंध सुधारण्याचे धोरण आखले तेव्हा फ्रान्झ योझेफ श्ट्राउस यांच्यासारख्या विरोधकांनी त्याचे हत्यार केले. म्हणजे मूळ भांडण जर्मनांचे आपसातले होते. फिनलंडचे नाव त्यात भीती दाखवण्यापुरते ओढले गेले.

फिनलंडची बाजू समजून घेण्यासाठी मागे जावे लागते. नोव्हेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत संघाने त्या देशावर आक्रमण केले, आणि १०५ दिवस फिनलंड जवळपास एकटा लढला. त्या आणि त्यानंतरच्या युद्धाच्या शेवटी सुमारे एक दशांश भूमी गेली, गमावलेल्या करेलिया प्रांतातून चार लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून आली, आणि राजधानीच्या उंबरठ्यावरचे पोर्क्काला हे ठिकाण सोव्हिएत तळासाठी भाड्याने द्यावे लागले. ते १९५६ मध्ये परत मिळाले. पण फिनलंड सोव्हिएत संघाने गिळला नाही, आणि निवडणुका, बाजारपेठ, न्यायालये शाबूत राहिली. ६ एप्रिल १९४८ रोजी मैत्री, सहकार्य आणि परस्परसाहाय्याचा करार झाला, त्यावर पुढची चार दशके देश चालला. पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया यांचे त्याच काळात काय झाले हे पाहिले की हा सौदा किती कठीण परिस्थितीत आणि किती शर्थीने केला गेला हे लक्षात येते.

किंमत मात्र द्यावी लागली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. उऱ्हो केक्कोनेन १९५६ ते १९८२ इतका दीर्घ काळ राष्ट्राध्यक्ष राहिले. १९७३ मध्ये खास कायदा करून त्यांची मुदत निवडणुकीविना चार वर्षांनी वाढवण्यात आली. वृत्तपत्रे सोव्हिएत संघाविषयी लिहिताना स्वतःच हात आखडता घेत. अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन यांच्या सोव्हिएत श्रमछावण्यांवरील ग्रंथाचा फिनिश अनुवाद १९७४ मध्ये निघाला तो हेलसिंकीत नव्हे, स्टॉकहोममध्ये. ज्या देशाच्या भाषेत पुस्तक आहे त्या देशात ते छापायला प्रकाशकाला धीर होत नाही, ही या शब्दाची सगळ्यात नेमकी व्याख्या मला वाटते. व्यंगचित्रकार कारी सुओमालाइनेन यांनी केलेली व्याख्याही प्रसिद्ध आहे: पश्चिमेला पाठ दिसू न देता पूर्वेपुढे वाकण्याची कला.

फिनिश लोक स्वतः या शब्दाला काय म्हणतात?

फिनिश भाषेत देशाचे नाव ‘सुओमी’ आहे आणि तिच्यात दोन निरनिराळे शब्द आहेत. ‘सुओमालाइस्तुमिनेन’ म्हणजे फिनिश होणे: १९०६ मध्ये, विचारवंत योहान स्नेलमान यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, हजारो कुटुंबांनी आपली स्वीडिश आडनावे सोडून फिनिश आडनावे घेतली, ती घटना या शब्दात येते. ‘सुओमेत्तुमिनेन’ म्हणजे राजकारणातले फिनलंडीकरण. पहिल्या शब्दाशी अभिमान जोडलेला आहे आणि दुसऱ्याशी अवघडलेपण, पण दोन्हींचे क्रियापद अकर्मक आहे, ‘केले’ नव्हे तर ‘झाले’ असे. दुसऱ्या शब्दात ही गोष्ट विशेष जाणवते, कारण दबाव बाहेरून आला तरी वाकलो आम्हीच, हे त्या रूपातच सामावले आहे.

रशियन भाषाही असा फरक करते. ‘रुसिफिकात्सिया’ म्हणजे कोणीतरी राबवलेले धोरण, आणि ‘ओब्रुसेनिये’ म्हणजे माणूस हळूहळू रशियन होऊन जाणे. मराठीत आपण दोन्हींना ‘रशियनीकरण’ म्हणतो आणि हुकूम व कालौघ यांतला भेद पुसून टाकतो. खरे तर आपल्याकडे साधन आहे. पाणी आपोआप वाफ होते त्याला आपण ‘बाष्पीभवन’ म्हणतो, आणि कोणी प्रयत्नाने काही शुद्ध करतो त्याला ‘शुद्धीकरण’. करण आणि भवन हा भेद शाळेतल्या मुलालाही कळतो, मग राजकारणावर लिहिताना तो का वापरू नये?

हे धोरण राबवणारी राजवट स्वतःच्या देशाचे नाव असलेला शब्द वापरते का?

सहसा नाही. तिला काहीतरी उदात्त नाव हवे असते. जपानने कोरियात १९४० पासून लोकांना जपानी धाटणीची कुळनावे घ्यायला लावली, शाळांतून कोरियन भाषा हद्दपार केली, आणि या सगळ्याला ‘कोमिंका’ म्हणजे सम्राटाचे प्रजाजन बनवणे असे नाव दिले. बल्गेरियातल्या कम्युनिस्ट सरकारने १९८४ च्या अखेरीपासून काही महिन्यांत सुमारे आठ लाख तुर्की वंशाच्या नागरिकांची नावे सक्तीने बल्गेरियन करून टाकली, आणि सरकारी भाषेत ती ‘पुनरुत्थान प्रक्रिया’ होती. १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक माणसे तुर्कस्तानात निघून गेली, त्या निघून जाण्यालाही ‘मोठी सहल’ म्हटले गेले.

देशाच्या नावाचा शब्द अशा वेळी सोसणाऱ्याच्या किंवा इतिहासकाराच्या तोंडी असतो, आणि म्हणूनच तो जपायला हवा. त्याला अपवादही आहे. १९२३ पासून सोव्हिएत संघाने आपल्या प्रजासत्ताकांत स्थानिक भाषा आणि स्थानिक माणसे पुढे आणण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा युक्रेनमध्ये त्याला सरकारनेच ‘युक्रेनीकरण’ असे उघड नाव दिले होते. १९३० च्या दशकात तेच धोरण उलटले आणि ते राबवणाऱ्यांपैकी अनेकांवर राष्ट्रवादाचे आरोप ठेवले गेले.

गोव्यात पोर्तुगीजांनी जे केले त्याला ‘पोर्तुगीजीकरण’ म्हणावे का?

म्हणता येते, पण कशाचे ते सांगून. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांच्या आत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. या भाषिक पोर्तुगीजीकरणाला सर्वसामान्यांत यश आले नाही. घरांत, शेतांत, चर्चमधल्या गाण्यांत कोकणी टिकली, आणि रोमन लिपीत तिचे वाङ्मयही वाढले. ख्रिस्तीकरण ही त्याच राजवटीतली वेगळी प्रक्रिया होती. धर्म बदललेल्या माणसाने भाषाही बदलली असे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरणारे लेखक गृहीत धरतात, आणि गोमंतकीय ख्रिस्ती समाजाने आपली भाषा किती चिवटपणे राखली हे त्यांच्या लेखनातून नाहीसे होते.

‘बाल्कनीकरण’ हा शब्द बाल्कन देशांतल्या लोकांना का खटकतो?

कारण त्यात त्यांच्या भूमीचे नाव तुकडे, भांडण आणि मागासलेपण यांचा समानार्थी होऊन बसते. ‘बाल्कन’ हा मूळ तुर्की शब्द, अर्थ झाडीचा डोंगर. बल्गेरियातल्या पर्वतरांगेचे ते नाव होते, आणि १८०८ मध्ये आउगुस्ट झॉयने या जर्मन भूगोलज्ञाने ते सगळ्या द्वीपकल्पाला लावले. म्हणजे नावही बाहेरच्याने दिले आणि बदनामीही बाहेरच्याने केली.

कालक्रम नीट पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांच्या वेळी हा शब्द चलनात नव्हता. तो फिरू लागला पहिल्या महायुद्धानंतर. १९१८ च्या अखेरीस जर्मन उद्योगपती वाल्टर राथेनाऊ ‘युरोपच्या बाल्कनीकरणा’विषयी बोलत होते. त्या वेळी खरोखर तुकडे होत होते ते ऑस्ट्रिया-हंगेरीचे, म्हणजे मुख्यतः मध्य युरोपात. बाल्कनमध्ये तर १ डिसेंबर १९१८ रोजी सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचे एक राज्य स्थापन झाले, ज्याला पुढे युगोस्लाव्हिया म्हटले गेले. शब्द तुकड्यांचा, आणि त्या घडीला ती भूमी जोडली जात होती! १९९१ पासून युगोस्लाव्हिया रक्तपातात फुटला तेव्हा या शब्दाला मागाहून पुरावा मिळाल्यासारखे सगळ्यांना वाटले, पण आधीची सत्तर वर्षे तो तसाच वापरात होता हे विसरता कामा नये.

वसाहतींतल्या नेत्यांनी मात्र हा शब्द उलटवला. घानाचे क्वामे एन्क्रुमा आणि सेनेगलचे लिओपोल्ड सेंघोर यांनी आफ्रिकेच्या ‘बाल्कनीकरणा’वर टीका केली ती साम्राज्यवाद्यांना उद्देशून: तुम्ही जाताना आमचे लहान लहान तुकडे करून जात आहात, म्हणजे आम्ही कायम दुबळे राहू.

भारताच्या इतिहासात हा शब्द कोठे येतो?

मे १९४७ मध्ये, सिमल्यात. सत्तांतराच्या ज्या मसुद्याला माउंटबॅटन यांच्या वर्तुळात ‘प्लॅन बाल्कन’ म्हटले जात होते, त्यात सत्ता आधी प्रांतांकडे द्यायची आणि मग त्यांनी कोणत्या गटात जायचे ते ठरवायचे, अशी कल्पना होती. माउंटबॅटन यांनी तो मसुदा नेहरूंना दाखवला तेव्हा नेहरूंनी त्याला कडाडून विरोध केला, आणि देशाचे बाल्कनीकरण होईल हा त्या विरोधाचा गाभा होता. त्यानंतर व्ही. पी. मेनन यांच्या आराखड्यावरून ३ जूनची योजना आली. परीक्षेसाठी वाचणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की येथे हा शब्द जगातल्या दूरच्या प्रदेशाचा दाखला म्हणून आला असला तरी त्याने आपल्या नकाशावर प्रत्यक्ष परिणाम केला.

‘व्हिएतनामीकरण’ म्हणजे व्हिएतनामसारखी दलदल होणे ना?

नाही. हा अर्थ मी छापील मजकुरातही वाचला आहे, आणि तो उलटा आहे. १९६९ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांनी हा शब्द पुढे आणला. युद्धाचे ‘अमेरिकीपण काढून टाकणे’ असे त्याआधी म्हटले जात होते; लेअर्ड यांना त्यातला माघारीचा सूर नको होता. अमेरिकी सैन्य टप्प्याटप्प्याने काढून घ्यायचे आणि लढण्याचा भार दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यावर टाकायचा, असा त्याचा अर्थ होता. एप्रिल १९६९ मध्ये तेथे सुमारे ५,४३,००० अमेरिकी सैनिक होते. जानेवारी १९७३ मध्ये पॅरिस करार झाला, आणि ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले.

व्हिएतनामच्याच भूमीवर, व्हिएतनामी माणसे वर्षानुवर्षे मरत असलेल्या युद्धाचे ‘व्हिएतनामीकरण’ करायचे, म्हणजे ते तोपर्यंत व्हिएतनामी नव्हते असे धरून चालायचे. च्वि प्रत्ययाची अट लावून पाहिली तर शब्द काय बोलून गेला ते उघड होते.

आपल्याकडेही या अर्थाचा शब्द होता का?

होता. ब्रिटिश अमदानीत नोकऱ्यांचे आणि लष्कराचे ‘भारतीयीकरण’ म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या जागी भारतीय नेमणे. १९२३ मध्ये सरकारने त्यासाठी लष्करातल्या फक्त आठ तुकड्या निवडल्या, आणि डेहराडूनची लष्करी अकादमी १९३२ मध्ये सुरू झाली. त्या काळच्या मराठीत ‘हिंदी’ म्हणजे हिंदुस्थानचा, भारतीय असा अर्थ सर्रास होता. त्यामुळे जुन्या लेखनात ‘लष्कराचे हिंदीकरण’ असे दिसले तर ते हिंदी भाषेविषयी आहे असे समजू नये. आज तोच शब्द भाषेच्या वादात अगदी निराळ्या अर्थाने वापरला जातो.

अमेरिकीकरण हे ‘करण’ की ‘भवन’?

दोन्ही, आणि देशागणिक वेगळे. खुद्द अमेरिकेत ते अगदी शब्दशः ‘करण’ होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात फोर्ड कंपनीने आपल्या स्थलांतरित कामगारांसाठी इंग्रजीची शाळा चालवली होती. तिच्या पदवीदान समारंभात रंगमंचावर एक प्रचंड कढई ठेवलेली असे. कामगार आपापल्या मायदेशाच्या पोशाखात, हातात गाठोडे घेऊन तिच्यात उतरत, शिक्षक मोठ्या पळ्यांनी ढवळण्याचा अभिनय करत, आणि तेच कामगार अमेरिकी सूट घालून, हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन बाहेर येत. एवढे उघड दृश्य या शब्दाला दुसऱ्या कोठे मिळाले असेल असे वाटत नाही.

अमेरिकेबाहेर मात्र चित्र धूसर आहे. १९५० च्या सुमारास फ्रान्समध्ये कोका-कोलावरून मोठा वाद झाला, प्रश्न संसदेपर्यंत गेला, पण फ्रेंच माणसाच्या हातात बाटली कोणी बळेबळे दिली नव्हती. अशा ठिकाणी ‘अमेरिकीभवन’ हा शब्द अधिक प्रामाणिक होईल. तो कानाला नवा लागतो हे खरे, पण ‘बाष्पीभवन’ही कधीतरी नवाच होता.

चीनच्या संदर्भात ‘चीनीकरण’ हा एकच शब्द पुरतो का?

पुरत नाही. चिनी भाषेत ‘हानह्वा’ म्हणजे बिगर-हान समाजाने हान वंशाची भाषा आणि रीत घेणे, आणि ‘चोंगक्वोह्वा’ म्हणजे बाहेरून आलेली गोष्ट चीनला साजेशी करून घेणे. माओने १९३८ मध्ये मार्क्सवादाविषयी हा दुसरा शब्द वापरला, आणि आज तेथील सरकार धर्मांविषयी तोच वापरते. पहिल्यासाठी ‘हानीकरण’ लिहिले तर वाचकाला ‘हानी’ आठवेल. म्हणून ‘हान संस्कृतीत मिसळून घेणे’ असे सरळ लिहावे.

अर्थशास्त्रात ‘जपानीकरण’ म्हणतात ते वेगळे का?

पूर्णपणे वेगळे. तेथे अर्थ आहे वाढ मंदावणे, भाव न वाढणे आणि व्याजदर शून्याजवळ अडकणे. जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ च्या अखेरीस ज्या उंचीवर होता, तेथे परत पोहोचायला त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडले. कोरियन वाचकासाठी आणि बँकेतल्या माणसासाठी एकाच शब्दाचे दोन अर्थ असतात, म्हणून संदर्भ दिल्याशिवाय हा शब्द वापरू नये.

मराठीची स्वतःची अशी काही रीत आहे का?

आहे, आणि ती ‘-करण’पेक्षा जिवंत आहे. निवडणुकीत एखाद्या पक्षाचे ‘पानिपत झाले’ असे आपण सहज म्हणतो. १४ जानेवारी १७६१ ची ती लढाई दिल्लीच्याही पलीकडे झाली, पण घराघरांतली माणसे तिथे पडली, म्हणून ते गावाचे नाव न राहता होणे या क्रियापदाला चिकटले. येथे दुसऱ्याच्या दुःखाचे नाव आपण घेतलेले नाही, स्वतःच्याच घावाला ते नाव दिले आहे. बाल्कनीकरण आणि पानिपत यांतला फरक मला हाच वाटतो. ‘येथे काय मोगलाई लागून गेली आहे का?’ यात मात्र आपणही एका राजवटीचे नाव अंदाधुंदीला देऊन मोकळे झालो आहोत.

आणि ‘इंग्रजाळलेला’ हा शब्द पाहा. ‘इंग्रजीकरण’ म्हटले की कोणी फर्मान काढले असे वाटते. ‘इंग्रजाळणे’ म्हटले की माणूस कळत-नकळत, थोडा स्वतःच्या हौसेने, तसा होत गेला हे त्या ‘-आळणे’मधूनच कळते. फिनिश भाषेला जे अकर्मक क्रियापदातून साधते ते आपल्याला बोलीतल्या या प्रत्ययातून साधते. लेखकांनी तो शास्त्रीय लेखनातही संकोच न करता वापरावा.

फिनलंड नाटोत गेल्यावर ‘फिनलंडीकरण’ या शब्दाचे काय झाले?

तो अजून वापरात आहे. २०१४ मध्ये हेन्री किसिंजर आणि झ्बिग्निएव ब्रेझिन्स्की या दोघांनीही युक्रेनसाठी फिनलंडच्या धर्तीचा मार्ग सुचवला होता. म्हणजे जो शब्द पूर्वी भीती घालण्यासाठी होता तोच तोडगा म्हणून पुढे आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर अनेक बाजूंनी आक्रमण केले, त्याच वर्षी मे महिन्यात फिनलंडने नाटोकडे अर्ज केला, आणि ४ एप्रिल २०२३ रोजी तो सदस्य झाला. रशियाशी त्याची सीमा सुमारे १,३४० किलोमीटर आहे, ती आता नाटोची सीमा आहे. ज्या देशाच्या वर्तनावरून शब्द घडला त्या देशाने ते वर्तन सोडले, तरी तैवान असो की मोल्दोव्हा, लेखांच्या मथळ्यांत ‘फिनलंडीकरण’ येतच राहील. तो मराठीत आणताना वाक्यात ‘शीतयुद्धाच्या काळात’ हे दोन शब्द घालावेत, अशी माझी प्रत्येक भाषांतरकाराला विनंती आहे.